एक हजार चोवीस कप्प्यांची खोली

दुहेरी पदवी हवी आहे ना? एकीकडे क्रिमिनॉलॉजी, दुसरीकडे सायबर सिक्युरिटी. दोन विभाग, दोन वेळापत्रकं, आणि फीचा आकडा ऐकून बाबांनी सोडलेला सुस्कारा. जरा थांबा. हे दोन्ही विषय एकाच खोलीत, एकाच टेबलावर शिकवणारी एक जागा आहे. फी नाही. राहायची सोयही नाही, पण ते नंतर बघू. फोन मात्र इथेच ठेवून जा. अंगठा टेकवला की उघडतो ना तो? राहू दे. अंगठा तेवढा सोबत घ्या.

उतरा. १८९७ चा ऑगस्ट, शहर कलकत्ता. हवा अंगाला लागत नाही, चिकटते. तुमच्या अंगावर धोतर आणि त्यावर काळा कोट आहे. कोट काढायची सोय नाही, कारण सरकारी कचेरीत उमेदवारी करायची आहे. दहा पावलांत पाठ भिजते. घोड्यांची ट्राम घंटा वाजवत अंगावर येते, तुम्ही बाजूला उडी मारता आणि पाय नेमका लिदीत पडतो. कोपऱ्यावर मोहरीच्या तेलात भजी तळली जाताहेत. त्या वासाने आधी डोळ्यांत पाणी येतं, मग तोंडात. भिस्ती पखालीतून रस्त्यावर पाणी शिंपडत चाललाय आणि त्याच्या मागून छत्र्यांची फौज: कारकून, कारकून आणि कारकून. जूनमध्ये मोठा भूकंप होऊन गेलाय. इमारतींच्या भिंतींवरचे तडे लोक अजून बोटाने दाखवतात.

सकाळची तासिका तुरुंगात. मैदानावरच्या प्रेसिडेन्सी जेलमध्ये, म्हणजे जिथे पुढे व्हिक्टोरिया मेमोरियलचा संगमरवर चढणार आहे तिथेच. आत शिरताच वास बदलतो: चुना, घाम, काथ्या, उकडलेला भात. व्हरांड्यात एक टेबल. त्यावर पत्र्याचा तक्ता, रबरी रूळ, छापखान्याच्या शाईची डबी, टर्पेंटाइनची बाटली आणि ढीगभर चिंध्या. तुमची प्रयोगशाळा एवढीच.

शाई थेंबभर घ्या. रुळाने पसरा. अजून पसरा. खालचा पत्रा जेमतेम झाकला गेला पाहिजे. जास्त झाली तर रेषांमधल्या खाचा बुजतात आणि कागदावर ठशाऐवजी डाग उमटतो. जमादार समोरच्या कैद्याला पुढे ढकलतो. चाळिशीचा माणूस, हात खरखरीत, तळव्यांना धारा लागलेल्या. आधी पुसा. पुन्हा पुसा. या हवेत पुसलेलं बोट टेबलापर्यंत येईस्तोवर परत ओलं होतं. आता त्याचा उजवा अंगठा धरा आणि शाईवरून लोळवा, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत; मग कागदावर तसाच, एका दमात. दाबू नका. तो बिचारा मदत करायला जातो, स्वतःच बोट फिरवतो, आणि ठसा फिसकटतो. हात सैल सोड, असं त्याला हिंदीत, मोडक्या बंगालीत आणि शेवटी खुणांनी सांगत राहायचं. तिसऱ्या कागदाला जमतं. काळ्या रेषा एकमेकींना न शिवता वळत गेलेल्या, मधे घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके. दुसऱ्याचं बोट इतक्या जवळून आयुष्यात कधी पाहिलं होतं?

दहाही बोटं झाली की दोन्ही हातांची बोटं एकत्र, सपाट टेकवून पुन्हा एक ठसा घ्यायचा. हे कशाला? घाईत डाव्याच्या जागी उजवं, अनामिकेच्या जागी मधलं लागलं असेल तर इथे पकडलं जातं. तुमच्या सायबरच्या प्राध्यापकांकडे या पडताळणीला भारदस्त नाव असेल. इथे चूक निघाली की जमादार नुसता खेकसतो.

कैद्याने नाव सांगितलंय. ते खरं असेलच असं नाही. दंडसंहितेच्या ७५ व्या कलमाखाली जुन्या गुन्हेगाराला जास्त शिक्षा होते, त्यामुळे प्रत्येक जण पहिल्यांदाच आत आलेला असतो. गाव नवं, बापाचं नाव नवं, चेहऱ्यावर निरागस भाव. कोण खरं, हे ठरवायला काल-परवापर्यंत पॅरिसच्या बर्तियोंची पद्धत होती: लोखंडी कंपासाने डोक्याची लांबी, रुंदी, मधलं बोट, पाऊल मोजायचं. ते कंपास तिथे कोपऱ्यात पडलेत, उचलून बघा. एकच डोकं तीन कारकुनांनी मोजलं की तीन आकडे येतात. कंपास घट्ट धरला तर डोकं लहान, सैल धरला तर मोठं. बोट मात्र मोजावं लागत नाही. ते स्वतःच छापून देतं.

दुपारी राइटर्स बिल्डिंग. लाल दिघीच्या तळ्यासमोरची ती लालभडक लांबलचक इमारत. जिना चढताना वरून सरसर आवाज येतो. छताला टांगलेला कापडी पंखा आहे तो. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते आणि बाहेर एक माणूस ती ओढतो. त्याला डुलकी लागली की खोलीतले सगळे एकदम घामाघूम होतात आणि कुणी तरी दाराशी जाऊन ओरडतं. कागदांना दमट वास. एका डब्यातून इलिश माशाचा वास येतोय, आणि सगळ्यांवर टर्पेंटाइन. भिंतीशी ते लाकडी कपाट: ३२ रांगा, प्रत्येक रांगेत ३२ कप्पे. एकूण १०२४.

संगणक शिकणाऱ्याला हा आकडा पाहून ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटायला हवं.

शेजारचा कारकून पान चघळत तुमच्याकडे भिंग सरकवतो. “मोशाय, आधी स्वतःची बोटं बघा.” बघा मग, वाचता वाचता खरंच बघा. लहानपणी आजीने उजेडात धरून शंख किती, चक्रं किती हे मोजलं होतं आणि दहा चक्रं असणारा राजा होतो असंही सांगितलं होतं. इथे राजा कुणी होत नाही, पण मोजणी तीच आहे. रेषा एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला गेल्या तर शंख. गोल फिरल्या तर चक्र. नुसत्या टेकडीसारख्या चढून उतरल्या तर कमान. पहिल्या हिशेबात कमानीही शंखांतच धरायच्या. म्हणजे प्रत्येक बोटाला प्रश्न एकच: चक्र आहे की नाही?

आता किंमत लावा. उजव्या अंगठ्याचा क्रमांक १, तिथून करंगळीपर्यंत ५. डाव्या अंगठ्याचा ६, डाव्या करंगळीचा १०. पहिल्या दोन बोटांवरच्या चक्राला प्रत्येकी १६ गुण, पुढच्या दोघांना ८, मग ४, मग २, शेवटच्या दोघांना १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषम क्रमांकांची खाली, आणि दोन्हींत एक-एक मिळवायचा, म्हणजे शून्याचा घोळ नको. समजा उजवा अंगठा, उजवी अनामिका आणि डावा अंगठा यांवर चक्रं आहेत. वर आठ, चार आणि एक मिळून १३. खाली सोळा आणि एक मिळून १७. झालं. तुम्ही आता तेराछेद सतरा आहात. नाव, गाव, जात काहीही सांगा, तुमचा कागद त्याच कप्प्यात जाणार.

दहा बोटं, प्रत्येकाला हो किंवा नाही एवढंच उत्तर. दोनाचा दहावा घात. ज्या खोलीत वारा दोरीने ओढावा लागतो, तिथे माणसाचं शरीर दहा बिट्सवर आणून ठेवलंय आणि ते कुणाला फारसं नवलाचं वाटत नाही. कारकुनाचं लक्ष पानाकडे आहे.

हे डोकं कुणाचं? कपाटाच्या पलीकडे काझी अझीझुल हक बसलेत. खुलन्याकडचे, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणितात चमकलेले, आता पोलिसांत सब-इन्स्पेक्टर. त्यांच्या सोबत हेमचंद्र बोस. कप्प्यांचं गणित प्रामुख्याने हकांचं. बोसांनी पुढे ठशांसाठी तारेची सांकेतिक भाषा बसवली, म्हणजे बोटाचा ठसा आकड्यांत बदलून तारायंत्रावरून धाडायचा. त्या भाषेचं त्यांचं पुस्तक १९१६ चं आहे. सायबर सिक्युरिटीच्या अभ्यासक्रमात ते नसेल. असायला हवं होतं. पद्धतीला मात्र नाव मिळालं ते त्यांच्या वरिष्ठाचं, बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं. हेन्री ती घेऊन लंडनला गेले, १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग निघाला आणि पुढे ते तिथले पोलीस आयुक्त झाले. हकांना खान बहादूर, बोसांना राय बहादूर. वरिष्ठांनी प्रबंधावर स्वतःचं नाव पुढे टाकायची रीत विद्यापीठांतच सुरू झाली असं कुणाला वाटत असेल, तर त्याने हे कपाट बघून जावं.

बसा आता, पन्नास कागद लावा. तासाभरात एक भानगड कळते. कप्पे सारखे भरत नाहीत. बहुतेक बोटांवर शंखच असतात. दहाही बोटं चक्राविना असलेली माणसं गठ्ठ्यागणिक निघतात आणि ती सगळी एकछेद एकमध्ये कोंबली जातात. त्या कप्प्यातून कागद ओढायला गेलात की चार खाली पडतात. उलट कितीतरी कप्पे नुसते धूळ खाताहेत. मग गर्दीच्या कप्प्यात आत पोटविभाग करायचे: शंख करंगळीकडे उघडतो की अंगठ्याकडे, त्याच्या गाभ्यापासून कडेच्या त्रिकोणापर्यंत सुईच्या टोकाने रेषा मोजल्या तर किती भरतात. दहा, अकरा, बारा... डोळा फडफडतो, पंखा थांबतो, कपाळावरचा थेंब भिंगावर पडतो. पुन्हा पहिल्यापासून.

मोजता मोजता लक्षात येतं की या कपाटात साहेबाचं बोट नाही. सगळी नांगराची, हमालीची, चुन्यात काम करून रेषा झिजलेली बोटं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. सकाळच्या त्या माणसाने दिलंय ते त्याला कधीच बदलता येणार नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. कारकून मात्र दुसरी बाजू सांगतो: जवळच हुगळीला हर्शेल नावाच्या मॅजिस्ट्रेटने वीस वर्षांपूर्वी पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मेलेल्यांच्या नावाने पेन्शन उचलणाऱ्यांची पंचाईत झाली होती. दुसऱ्याच्या नावावर पैसे काढणं म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातला पहिला धडा.

आणि मग जलपायगुडीहून पेटी येते.

तिकडच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक खोलीत गळा चिरलेला सापडलाय, कागदपत्रांची पेटी उचकटलेली. संशयित भरपूर: मजूर, कपड्यांवर रक्ताचे डाग असलेला स्वयंपाकी (कबुतर कापलं होतं म्हणे, आणि ते खरं निघालं), जवळच तळ ठोकून गेलेली फिरस्त्यांची टोळी. पेटीत एक छापील बंगाली पंचांग आहे, फिकट निळ्या कागदाच्या वेष्टनाचं. निळ्यावर दोन पुसट तपकिरी डाग. भिंग लावा. एक डाग नुसताच डाग आहे. दुसऱ्यात रेषा आहेत.

आता तुमचं ते सुंदर सूत्र काढा बाहेर. चालत नाही! सूत्राला दहा बोटं लागतात आणि इथे एका अंगठ्याचा तुकडा आहे. १०२४ कप्प्यांपैकी कुठला उघडणार? आता संशयितांची नावं घेऊन एकेकाशी ताडून पाहायचं. व्यवस्थापकाने पूर्वी एका नोकराला चोरीसाठी तुरुंगात धाडलं होतं; त्या शिक्षेमुळेच त्याचा कागद इथे आहे. तो काढा, पंचांगाशेजारी ठेवा. खोलीतले सगळे उठून तुमच्या खांद्यावरून वाकतात. पान, घाम, मासा. एक रेषा दोन होते तिथे दुसरीकडेही दोन होते. एक मधेच संपते, तिथेच संपते. उजवा अंगठा. त्याचाच.

माणूस बीरभूममध्ये सापडतो, कलकत्त्याला आणतात, अंगठा पुन्हा घेतात. रसायन परीक्षक सांगतो की डाग रक्ताचा आहे. खटला पुढच्या वर्षी उभा राहतो आणि तुम्ही मनातल्या मनात फाशी लिहून टाकलेली असते. निकाल येतो: चोरी सिद्ध, खून नाही. त्याला वार करताना कुणीच पाहिलेलं नाही. अंगठा पंचांगावर आहे, म्हणजे पेटीत हात घातला होता. त्याहून पुढे जायला न्यायालय तयार नाही.

तुम्ही चिडता. क्रिमिनॉलॉजीवाला अर्धा म्हणतो, खुनी सुटला. सायबरवाला अर्धा हळूच म्हणतो, लॉगमध्ये नाव दिसलं म्हणजे सगळं त्यानेच केलं असं कुठे असतं? कारकुनाला या वादात रस नाही. तो नोकराचा कागद तुमच्या हातात देतो. कप्पा तोच, सूत्र तेच. शिक्षांच्या रकान्यात फक्त एक ओळ वाढवायची आहे, आणि शाई सुकेपर्यंत कागद पंख्याखाली ठेवू नका म्हणतो, उडून जाईल.