पारोच्या पलीकडचा गिलसाहेब

मंडळी, अजिंठ्याचा मेजर गिल म्हटलं की आपण लगेच पारोवर येतो. महानोरांचं काव्य झालं, २०१२ला सिनेमाही झाला. त्याच्या फोटोंबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

रॉबर्ट गिल मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ला कंपनीने त्याला भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. कॅमेरा आला १८५६च्या सुमारास. फोटोग्राफी काही त्याचा पेशा नव्हता. आणि त्या काळच्या काचेवर रंग उतरतच नव्हते, म्हणजे ज्या चित्रांसाठी आला तीच कॅमेऱ्याला जमेनात!

मग साहेब जोडफोटो काढू लागला. एकाच दृश्याचे शेजारी-शेजारी दोन फोटो, भिंगातून बघितले की खांबामागचा खांब, आतला अंधार, सगळी खोली डोळ्यांपुढं उभी राहते. इतकी वर्षं सपाट भिंत बघणारा माणूस आता लेणं बघायला लागला होता. १८६४ला फर्ग्युसनच्या मजकुरासोबत त्याचे ७४ फोटो पुस्तकात आले. त्याच वर्षी शंभर जोडफोटोंचं आणखी एक पुस्तक निघालं, त्यात वास्तूंच्या जोडीला प्राणीसुद्धा. (हे कुठं सांगितलं होतं कंपनीने?)

१८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. फोटो राहिले. तुमच्यापैकी कुणी पाहिलेत का?