बिनतारी माईक: लहरींमधला भाडेकरू

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात पडदा उघडतो, तेव्हा नटाच्या कमरेला, पोशाखाच्या आत, एक छोटी पेटी बांधलेली असू शकते. प्रेक्षकांना ती दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती रेडिओ प्रक्षेपकच असते.

ही दृष्टी इंग्रजी राजवटीतील आहे. १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्रणेवर सरकारचा एकाधिकार प्रस्थापित केला. पुढे रेडिओ आला. प्रसारणाचा खर्च बऱ्याच अंशी श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर चालत असे, आणि शुल्क चुकवणारे पुष्कळ होते. म्हणून १९३३ च्या कायद्याने बिनतारी संच परवान्याविना नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला. घरातील रेडिओसाठी टपाल कार्यालयात पैसे भरल्याचे आजी-आजोबांना आजही आठवत असेल. प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तर पुढे तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

माईकला स्वतःचे असे हक्काचे घर लहरींमध्ये क्वचितच मिळाले. जगभर तो दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांमधील रिकाम्या जागेत राहिला. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. २०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे ३७ सेंटिमीटरचा होतो; ६०० मेगाहर्ट्झला तो साडेबारा सेंटिमीटरवर येतो आणि अंगरख्यात सहज लपतो.

मग मोबाइल आला आणि या भाडेकरूला घर सोडावे लागले. अमेरिकेत १२ जून २०१० नंतर ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात माईक वापरण्यास बंदी झाली. तेथील अनेक नाट्यगृहे आणि प्रार्थनास्थळे ६०० च्या पट्ट्यात सरकली, तर जुलै २०२० मध्ये त्यातील बहुतांश भागही मोबाइल कंपन्यांसाठी रिकामा करावा लागला. चांगले चालणारे संच दोनदा निकामी ठरले!

भारतात ७०० मेगाहर्ट्झला २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत कोणी बोली लावली नाही. २०२२ मध्ये मात्र जिओने तो पट्टा देशभरासाठी घेतला. त्याच लिलावात ६०० ला ग्राहक मिळाला नाही. पण तो विक्रीस निघाला होता, हे माईक घेणाऱ्याने विसरू नये. त्याच सुमारास दूरदर्शनने आपले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यात १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्याची तरतूद झाली.

सोलापुरातील एखादी नाट्यसंस्था आज संच घेऊ लागली, तर किंमत आणि आवाजाआधी मागील पट्टीवर छापलेला वारंवारितेचा आकडा वाचणे शहाणपणाचे. स्वस्तातला वापरलेला परदेशी संच ७०० चा निघाला, तर काही मिलीवॅटच्या त्या पेटीची गाठ थेट मोबाइल मनोऱ्याशी पडेल. २००५ मध्ये शक्तिमर्यादा घालून परवानामुक्त झालेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा वाटतो. परंतु वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. तालमीत रिकाम्या सभागृहात निर्दोष चालणारा माईक प्रयोगाच्या रात्री, शेकडो फोन खिशात असताना, अडखळू शकतो.

आणखी एक सापळा समान अंतराचा. दोन माईक ६०० आणि ६०२ वर लावले, तर त्यांच्या मिश्रणातून ५९८ आणि ६०४ वर नको असलेले संकेत उमटतात. तिसरा माईक नीटनेटकेपणाने ६०४ वर ठेवला, की तिसऱ्या नटाचा आवाज त्यात बुडालाच.