दादर : स्थानकसंकेत व फलाट क्रमांक

दादर येथील मध्य व पश्चिम रेल्वेच्या स्थानकांना आरक्षण, वेळापत्रक व संगणकीय नोंदींसाठी दिलेली रोमन लघुनावे. मध्य रेल्वेच्या दादरचा संकेत ‘डीआर’, तर पश्चिम रेल्वेच्या दादरचा ‘डीडीआर’. बोलण्यात दादर एकच असले, तरी रेल्वेच्या नोंदीत ती दोन वेगळी स्थानके आहेत.

नियम : संकेत आखूड हवा आणि देशभरात तो दुसऱ्या कोणत्याही स्थानकाचा नसावा. आखूडपणाची सवय तारायंत्राच्या काळातली. तेव्हा प्रत्येक अक्षर हाताने ठोकावे लागे. जालन्याला ‘जे’ व गोंदियाला ‘जी’ हे एकेकच अक्षर पुरते. परळ ‘पीआर’, तर लोअर परळ ‘पीएल’. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला मात्र ‘सीएसएमटी’ ही चार अक्षरे लागतात.

व्यवहार : सावंतवाडीच्या तुतारी एक्स्प्रेससाठी ‘डीआर’ला जायचे, भुजच्या सयाजीनगरी एक्स्प्रेससाठी ‘डीडीआर’ला. हा एका ‘डी’चा फरक नजरेतून सुटला, तर गाडीच्या वेळेला सामानासह गर्दीचा पूल ओलांडायची पाळी येते.

साम्य : मेनफ्रेम संगणकावरील वापरकर्त्याच्या संकेतनामालाही हेच दोन नियम लागू पडतात. आयबीएमच्या ‘टीएसओ’ प्रणालीत हे नाव फार तर सात अक्षरांचे असे. संगणकाला सोपवलेल्या कामाच्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा होती आणि वापरकर्त्याच्या नावापुढे एक अक्षर जोडून कामाचे नाव करण्याची रीत होती; त्या अक्षरासाठी जागा राखावी लागे. 2017 मधील ‘झेड/ओएस 2.3’ पासून आठ अक्षरे चालू लागली.

फलाट : दोन्ही स्थानके पुलांनी जोडलेली, पण दोन्हीकडे फलाट 1 पासूनच मोजले जात. त्यामुळे “एक नंबरला ये” म्हटले, की “सेंट्रलचा की वेस्टर्नचा?” हे विचारावेच लागे. 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिम रेल्वेचे फलाट 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. मध्य रेल्वेचा पूर्वीचा 1 क्रमांकाचा फलाट आता 8 आहे. रोजच्या प्रवाशाला नवे आकडे अंगवळणी पाडून घ्यावे लागले. पण दादरला पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. त्याला आता नुसता आकडा सांगितला तरी पुरतो.