बेने इस्रायलांचे स्वयंपाकघर : एक दुर्लक्षित इतिहाससाधन

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या इतिहासाची मांडणी बहुधा विस्मृतीच्या कथेने सुरू होते. अलिबागजवळ नौगाव येथे गलबत फुटले, सात जोडपी वाचली, धर्मग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा लोपली आणि हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पुढे कोचीनहून आलेले धर्मशिक्षक, मिशनरी व मुद्रित ग्रंथ यांच्यामुळे स्मृती परत आली, असा या मांडणीचा उत्तरार्ध असतो. ही मांडणी सर्वस्वी चुकीची नाही. मात्र ती ग्रंथ व प्रार्थनास्थळ यांच्याकडे पाहून केलेली आहे. घराच्या मागील दाराने आत शिरले तर निराळे चित्र दिसते.

समाजातील एक परंपरागत आख्यायिका येथे उद्बोधक ठरते. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याला हे लोक ज्यू असावेत अशी शंका आली. त्याने घरातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले व ते शिजविण्यास सांगितले. स्त्रियांनी खवले व पर असलेले मासे वेगळे काढले आणि उरलेले नाकारले. रहाबी नेमका कोणत्या शतकातला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. किंबहुना आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य तारखेत नाहीच. धर्माची परीक्षा पुरुषांच्या पठणावर न घेता स्त्रियांच्या निवडीवर घेतली गेली, असे समाजानेच स्वतःविषयी सांगावे, ही गोष्ट महत्त्वाची होय. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या व शिंगाळा यांची रेलचेल असलेल्या किनाऱ्यावर हा नकार रोजच्या रोज द्यावा लागत असे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजेतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्यात नोंदलेली सणांची जुनी मराठी नावे पाहता कित्येक नावे स्वयंपाकघरातून आलेली दिसतात. तिश्री महिन्याच्या प्रारंभी नव्याचा सण येतो आणि त्याच महिन्याच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण. नव्या धान्याची, गूळ व नारळाचे दूध घातलेली खीर धूप जाळून व 'शेमा' म्हणून मग खाल्ली जाई. आब महिन्यातील नवमीला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला, 'बिरड्याचा सण' हे नाव होते. इतरत्र अनेक ज्यू समाजांत या उपवासाच्या आदल्या दिवशी मसुरीचे साधे शोकभोजन करतात. कोकणात मसुरीची जागा वालाने घेतली आणि ताटाच्या जागी केळीचे पान आले. शोक कशाचा हे कदाचित विसरले गेले असेल. शोकाचे अन्न मात्र विसरले गेले नाही.

वल्हांडणाचे जुने नाव याहून बोलके आहे : 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट कालवण साठविण्याचे मडके. ते या दिवसांत झाकून ठेवीत. आंबवलेले पदार्थ वर्ज्य करण्याच्या मूळ आज्ञेचा हा अवशेष मानता येतो. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या मराठी हग्गादामध्ये लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी तयार करताना दाखविल्या आहेत. तोवर मडक्याची आज्ञा पुन्हा ग्रंथात आली होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नारळाच्या दुधातील मटणाचा रस्सा हा मांस व दूध एकत्र न करण्याच्या नियमाचा पुरावा म्हणून वारंवार दाखविला जातो. परंतु नारळ तर सारे कोकण वापरते. पुरावा नारळाच्या असण्यात नसून मांसाच्या पातेल्यात दही-तूप नसण्यात आहे, आणि अशा अभावाचे दस्तऐवज कोणी ठेवत नाही. त्याचप्रमाणे या समाजाला हनुक्का ठाऊक नव्हता, यावरून आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी नेण्याचा केहिमकरांचा मोह समजण्यासारखा असला, तरी एका विसरलेल्या सणावर एवढा भार टाकता येत नाही.

मलिद्याचे उदाहरण तर 'हिंदू प्रभाव' या सोप्या सूत्रालाच आव्हान देते. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा व सभोवती पाच प्रकारची फळे मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करतात. नवस फेडताना, मंगलकार्यात वा तू बिश्वातच्या दिवशी. शब्द फारसी, तोही पिराच्या नैवेद्याशी जोडलेला, पोहे कोकणातले, प्रेषित बायबलमधला. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा असून तेथेही मलिदा होतो.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. तेथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहासाठी त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी करण्याचे निर्देश काढले व १९६४ मध्ये मोठ्या निदर्शनांनंतर ते मवाळ करावे लागले. त्या वादात पुरावे मागितले गेले ते वंशावळींचे व विवाहविधींचे. मासे निवडणाऱ्या, मडके झाकणाऱ्या आज्यांना कोणी काही विचारले नाही. मलिद्याची ताटे लोद, अश्दोद व दिमोना येथील घरांत आजही मांडली जातात.