इंग्रजीतला दुहेरी तरतमभाव

‘मोर बेटर’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत लाल रेघ ठरलेली. ‘बेटर’मध्येच तुलना आहे, मग पुन्हा ‘मोर’ कशाला, हा आक्षेप तर्काला धरूनच आहे. पण ही रेघ इंग्रजांनी स्वतःच्या भाषेवर कधी ओढली, हे पाहण्यासारखे आहे.

जुन्या इंग्रजीत तरतमभाव विशेषणाला प्रत्यय लावून दाखवीत. ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ लावण्याची रीत मध्ययुगात रुळली. दोन्ही रीती शेजारी नांदू लागल्या आणि जोर देण्यासाठी एकत्रही येऊ लागल्या. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये ब्रूटसच्या घावाची निर्दयता सांगताना अँटनी दुहेरी तमभावच वापरतो. नाटककार बेन जॉन्सनचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. त्यात या प्रयोगाला ग्रीक वक्तृत्वाच्या तोडीचे भूषण मानले आहे.

पुढच्या पिढीला ते भूषण खटकले. १६७२ मध्ये ड्रायडनने खुद्द जॉन्सनच्या नाटकातला असा प्रयोग दोष म्हणून दाखवला. त्या काळी हे सर्रास चाले, एवढीच सवलत दिली. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने आपल्या व्याकरणात दुहेरी रूपे अशुद्ध ठरवली. मात्र स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात देवाला लावलेले ‘मोस्ट हायेस्ट’ त्याला उचित वाटले, कारण देव सर्वोच्चाहूनही उच्च! म्हणजे जिथे भाव मोठा, तिथे नियमाला वाट सोडावी लागली.

हे आपल्याला परके नाही. संस्कृतातला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे एकाच कुळातले प्रत्यय. ‘श्रेष्ठ’ हे मुळात तमभावाचेच रूप. तरी शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ आले आहे. मराठीत तर ‘अधिक श्रेष्ठ’ म्हणताना कोणी अडखळत नाही.

इंग्रजीतही नियमाचा विजय पुरा झाला नाही. ‘लेस’ या तुलनेच्याच रूपाला पुन्हा प्रत्यय लागून ‘लेसर’ झाला. लाउथने तो धिक्कारला, पण आज तो शुद्ध इंग्रजीत मानाने वावरतो.

परीक्षेत नियम पाळावाच लागतो, तेव्हा लाल रेघ राहू द्यावी. पण जे शेक्सपिअर आणि जॉन्सन यांनी लिहिले, ते लिहिणाऱ्या मुलाला अडाणी म्हणू नये.