रिक्षाच्या पोटातली टाकी

भोसरीच्या पीएमटी चौकातून मोशी-चाकणकडे जाणाऱ्या रिक्षात आपण दाटीवाटीने बसतो, तेव्हा एक पोलादी टाकीही आपल्यासोबत प्रवास करत असते. तिच्यात नैसर्गिक वायू २०० बार दाबाने कोंबलेला असतो; यालाच सीएनजी म्हणतात. मोटारीच्या टायरमध्ये आपण जेवढ्या दाबाने हवा भरतो, त्याच्या जवळजवळ शंभरपट हा दाब. शाळेची दप्तरे आणि भाजीच्या पिशव्या यांच्या शेजारी ती टाकी निर्धोक बसून राहते, हे आपोआप घडलेले नाही.

तिचा मूळ पुरुष इटलीत सापडतो. १९३० च्या दशकात पो नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक वायू हाती लागला. स्वतःचे खनिज तेल नसलेल्या त्या देशाने तो टाक्यांत भरून मोटारी चालवायला सुरुवात केली. शहराची हवा स्वच्छ राहावी, हा विचार त्यात नव्हता. बाहेरून येणारे पेट्रोल वाचवायचे होते. आपल्याकडेही वायूवर गाड्या पहिल्यांदा धावल्या त्या टंचाईमुळेच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि प्रवासी मोटारींना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. गाडी निघण्याच्या कितीतरी आधी भट्टी पेटवायची, वायू तयार व्हायची वाट बघायची, चढावर इंजिन दमले की उतारूंनी खाली उतरायचे. युद्ध संपले, पेट्रोल मोकळे झाले आणि भट्ट्या भंगारात गेल्या.

याच काळात पुण्यात रिक्षाची पायाभरणी होत होती. ऑटोरिक्षा या देशात रुजवण्याचे श्रेय नवलमल फिरोदिया यांना दिले जाते. ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून आलेले. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा बंद व्हावी, ही त्यामागची तळमळ होती. पुढे १९५९ मध्ये बजाज ऑटोला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला, आकुर्डीचा कारखाना उभा राहिला आणि १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली. मोरवाडी, भोसरी, चिंचवड इथल्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या हजारो कामगारांना या तीनचाकीने वेळेवर गेटपर्यंत पोहोचवले. तिचे हे उपकार मोठे आहेत आणि तिच्या धुराबद्दल बोलताना ते विसरू नयेत, असे मला मनापासून वाटते.

पण धूर होता, आणि भरपूर होता. जुन्या रिक्षाचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत शिरणारे ताजे मिश्रणच करते आणि त्या रेटारेटीत पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निसटतो. वंगणाचे तेलही पेट्रोलमध्येच मिसळायचे, त्यामुळे तेही जळायचे. पंपावर पेट्रोलसोबत टूटी ऑइल मागणाऱ्या रिक्षावाल्यांचा हात जरा सैलच असे, कारण तेल कमी पडून इंजिन बसले तर पदरमोड त्यांचीच. सिग्नल सुटताच उठणारा तो निळसर पांढरा लोट या सगळ्यातून यायचा. त्यात पुणे-नाशिक रस्त्यावर डिझेलवरच्या सिक्स सीटरची भर. दिवसाचे दहा-बारा तास सर्वांत जास्त धूर कुणी गिळला असेल, तर तो चालवणाऱ्यानेच. इंजिनाची निवड मात्र त्याची नव्हती.

बदल आला तो न्यायालयातून. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात २८ जुलै १९९८ रोजी आदेश झाला: दिल्लीच्या सगळ्या बस टप्प्याटप्प्याने सीएनजीवर न्याव्यात, १९९० पूर्वीच्या रिक्षा आणि टॅक्सी काढून त्या जागी स्वच्छ इंधनाच्या नव्या गाड्या आणाव्यात. मुदती टळल्या, पंपांवर रात्र-रात्र रांगा लागल्या, पण २००२ संपेपर्यंत दिल्लीच्या शहर बसमधून डिझेल गेले. मुंबईत चित्र थोडे वेगळे होते. वायू तिथे दाराशीच होता. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायवर तेल शोधले, त्या तेलासोबत निघणारा वायू उरणला येऊ लागला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयात गेली, लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी-रिक्षांना स्वच्छ इंधनाकडे वळणे भाग पडले. टॅक्सीवाले मात्र केवळ आदेशाला घाबरून वळले नाहीत. किलोमीटरमागे खर्च कमी येतो हे त्यांनी हिशेब करून पाहिले होते. स्वच्छ इंधन गरिबाच्या गाडीत टिकायचे असेल तर ते आधी स्वस्त असावे लागते. या टाकीचा सगळा प्रवास हेच सांगतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडला त्यासाठी थांबावे लागले. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून २००६ मध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी काढली आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या भागात पंप आणि वाहिन्या पसरू लागल्या. पुणे महापालिकेने रिक्षावाल्यांना सीएनजी किट बसवण्यासाठी १२ हजार रुपयांचे अनुदान दिले. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहर बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली होती; तिच्या ताफ्यातही सीएनजी बस वाढत गेल्या.

वायू आला तरी त्याला धरून ठेवणारी टाकी भरवशाची हवी. इथे भोसरीचा थेट संबंध येतो. नाशिक फाट्याजवळ सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीआयआरटी, ही संस्था आहे. देशभरच्या एसटी महामंडळांच्या गरजेतून ती १९६७ मध्ये उभी राहिली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात ज्या मोजक्या संस्थांना गाड्या तपासून मान्यता देण्याचा अधिकार आहे, त्यांत पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय आणि नगरची व्हीआरडीई यांच्यासोबत सीआयआरटीचेही नाव आहे. सीएनजी किट कोणत्या गाडीला चालेल, व्हॉल्व्ह आणि नळ्या दाब सोसतील का, हे अशा संस्थांत ठरते. टाकीला परवानगी देणाऱ्या स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही महाराष्ट्रातच, नागपूरला.

टाकीची परीक्षा एकदा होऊन संपत नाही. दर तीन वर्षांनी ती गाडीतून उतरवावी लागते. आधी आतला वायू काढून टाकतात, व्हॉल्व्ह सोडवतात, आत दिवा घालून गंज किंवा चीर बघतात. मग टाकीत पाणी भरून रोजच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. पाणीच का? कारण पाणी फारसे दबत नाही. टाकी फुटलीच तर पाणी सांडेल, स्फोट होणार नाही. दाबाखाली टाकी किंचित फुगते. दाब काढल्यावर ती मूळ मापावर किती परतली हे मोजतात. परतली नाही तर ती कायमची बाद. पास झाली की तारीख ठोकतात, आणि गाडीवरच्या पत्र्याच्या पट्टीवरही नोंद होते. पंपावरचा माणूस नोझल लावण्याआधी ती पट्टी बघतो. मुदत टळली असेल तर वायू भरू नये, असा दंडक आहे. रांगेत ताटकळलेल्या रिक्षावाल्याला ही अडवणूक वाटते. त्याचा एक दिवसाचा धंदा आणि चाचणीचे पैसे जातात, हे खरेच आहे. हा खर्च एकट्या त्याच्या माथी मारू नये, महापालिकेने आणि गॅस कंपनीने त्यातला वाटा उचलावा, असे माझे ठाम मत आहे. त्या चाचणीवर विसंबून रिक्षात बसणारी माणसे अखेर आपणच असतो.

सीएनजीने काय साधले तेही नेमके सांगायला हवे. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू, म्हणून काजळी जवळजवळ धरत नाही. वायू हवेपेक्षा हलका, त्यामुळे गळाला तर वर निघून जातो. एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. पण नायट्रोजनची ऑक्साइड्स यातूनही निघतात, आणि न जळता सुटलेला मिथेन पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल आहे. गळकी जोडणी आणि ट्यूनिंग बिघडलेले इंजिन घेऊन धावणारी सीएनजी रिक्षा स्वच्छ म्हणवून घेऊ शकत नाही.

ही टाकी आता दुचाकीतही शिरली आहे. ५ जुलै २०२४ रोजी बजाजने पुण्यात फ्रीडम १२५ ही सीएनजी मोटारसायकल आणली. लांबलचक सीटखाली २ किलो वायू मावेल अशी टाकी आणि जोडीला २ लिटर पेट्रोल. दुसरीकडे विजेची शाखा वाढते आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीएमएलच्या पहिल्या इलेक्ट्रिक बस भेकराईनगर आणि निगडी आगारांतून निघाल्या. त्याच वर्षी चाकणला इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन सुरू झाले आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या आवारात तिच्यासाठी नवा कारखाना उघडला. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, तेव्हा बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आले. एक सेल पेटला तर आग बाकीच्या सेलपर्यंत किती वेळात जाते, पाणी आत शिरते का, प्रवाशाला आधी इशारा मिळतो का, हे १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालेल्या चाचण्यांत पाहिले जाते.