शिष्यवृत्ती, अनुदान, कर्ज : इंग्लंडमधील विद्यार्थी-साहाय्याचा इतिहास आणि साहित्यातील विद्यार्थी

थॉमस हार्डी यांच्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' (१८९५) या कादंबरीतील ज्यूड हा पाथरवट विद्येच्या ओढीने ख्राइस्टमिन्स्टर या नगरात येतो. ऑक्सफर्डचेच हे काल्पनिक रूप. तेथील महाविद्यालयांच्या भिंती दुरुस्त करण्याचे काम त्याला मिळते, प्रवेश मात्र मिळत नाही. आपल्या धंद्यातच राहावे, असा सल्ला देणारे पत्र त्याच्या हाती पडते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'थ्री गिनीज' (१९३८) या दीर्घ निबंधात निराळी बाजू दिसते. सुशिक्षित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या शिक्षणासाठी जो निधी बाजूला काढीत, त्याला त्या थॅकरे यांच्या 'पेन्डेनिस'मधून घेतलेले 'आर्थरचा शिक्षणनिधी' हे नाव देतात आणि या निधीत मुलींच्या वाट्याचा पैसा कसा जिरत गेला, ते दाखवितात. विद्यापीठात कोणाला शिरता येते आणि तो खर्च कोणाच्या वाट्यातून निघतो, असे दोन प्रश्न या दोन कृतींनी उभे केले. विसाव्या शतकातील इंग्लंडच्या उच्चशिक्षणविषयक सुधारणा म्हणजे या दोन प्रश्नांना राज्यसंस्थेने वेळोवेळी दिलेली उत्तरे होत. शिष्यवृत्ती, अनुदान आणि कर्ज ही त्या उत्तरांची तीन रूपे. प्रत्येक रूपाने विद्यार्थ्याच्या हाती किती पैसा येईल हे जसे ठरविले, तसेच समाजातील त्याचे स्थान कोणते हेही ठरविले.

या विवेचनात एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या खर्चाचे दोन भाग असतात : शिक्षणशुल्क आणि निर्वाह. मराठीतील 'शिष्यवृत्ती' या सामासिक शब्दात 'वृत्ती' म्हणजे उपजीविका हा अर्थ अंतर्भूत आहे. शिकणाऱ्याच्या पोटाची सोय हा त्या शब्दाचा गाभा आहे. इंग्लंडमधील सार्वजनिक वाद बहुधा शुल्काभोवती फिरला. परंतु गरीब घरातील विद्यार्थी अनेकदा अडखळतो तो निर्वाहाच्या प्रश्नावर.

पहिला टप्पा निवडक शिष्यवृत्त्यांचा. १९२० मध्ये इंग्लंडमध्ये सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यांच्या जोडीला स्थानिक शिक्षण प्राधिकरणांची आणि महाविद्यालयांची पारितोषिके होती. ही सर्व मदत स्पर्धेतून निवडलेल्या थोड्यांसाठी होती. या निवडीची मानसिक किंमत रिचर्ड हॉगर्ट यांनी 'द यूजेस ऑफ लिटरसी' (१९५७) या ग्रंथात मांडली. लीड्समधील हन्स्लेट या कामगारवस्तीत आजीच्या घरी वाढलेले हॉगर्ट स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले होते. एकीकडे इस्त्री, दुसरीकडे रेडिओ, अशा एकाच खोलीत अभ्यास करणारा त्यांचा 'शिष्यवृत्तीचा मुलगा' घरापासून तुटतो आणि नव्या वर्गातही पुरता सामावत नाही. रेमंड विल्यम्स हे वेल्समधील रेल्वे सिग्नलमनचे पुत्र. त्यांच्या 'बॉर्डर कंट्री' (१९६०) या कादंबरीच्या नायकाला लंडनमध्ये मॅथ्यू म्हणतात आणि गावी विल. शिष्यवृत्तीने माणसाला दोन नावे दिली, असे या कादंबरीच्या आधारे म्हणता येईल.

याच काळातील एक प्रसंग मराठी अभ्यासकांस विशेष महत्त्वाचा वाटावा. १९२० ते १९२३ या वर्षांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन हे अर्थशास्त्र शिकवीत असता दोन विद्यार्थी तेथे होते : लायोनेल रॉबिन्स आणि डॉ. भीमराव आंबेडकर. आंबेडकरांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) या ग्रंथाची प्रस्तावना कॅनन यांचीच. आंबेडकरांच्या शिक्षणात साहाय्याचे सर्व प्रकार एकत्र आलेले दिसतात : बडोदा संस्थानाची, सेवेच्या करारासह मिळालेली शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू छत्रपतींचे साहाय्य, सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून केलेली बचत, आणि नवल भथेना या स्नेह्याकडून घेतलेले कर्ज. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. नियमाचे पाठबळ नसलेले साहाय्य दात्याच्या मुदतीवर कसे अवलंबून असते, याचे हे उदाहरण होय. त्याच संस्थेतील दुसऱ्या विद्यार्थ्याच्या, म्हणजे रॉबिन्स यांच्या नावाने पुढे इंग्लंडमधील उच्चशिक्षणाचा नवा अध्याय ओळखला गेला.

या अध्यायाची पायाभरणी १९६० मध्ये सर कॉलिन अँडरसन यांच्या समितीने केली. विद्यापीठात प्रवेश मिळविलेल्या प्रत्येक पात्र विद्यार्थ्यास सार्वजनिक साहाय्य मिळावे, ही तिची शिफारस. १९६२ च्या कायद्याने प्रथम पदवीच्या विद्यार्थ्यांना अनुदान देणे स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक केले. पालकांच्या उत्पन्नाची अट कायम राहिली. पण मदत मर्जीतून निघून नियमात आली. रॉबिन्स समितीचा अहवाल ऑक्टोबर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता आणि इच्छा असलेल्या प्रत्येकास उच्चशिक्षण उपलब्ध असावे, हे तत्त्व त्याने मांडले आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांची संख्या २ लाख १६ हजारांवरून १९८०-८१ पर्यंत ५ लाख ६० हजारांवर न्यावी, असे सुचविले.

अहवालाने कर्जाच्या पर्यायाचाही विचार केला आणि तो त्या वेळेपुरता नाकारला. त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक विलक्षण आहे. कर्ज घेऊन शिकलेल्या मुलीच्या डोक्यावर लग्नाच्या वेळी एक प्रकारचा उलटा हुंडा असेल आणि मुलींना शिकविण्याविषयी पालकांची जी जुनी नाखुशी आहे ती बळावेल, अशी भीती तेथे व्यक्त झाली. अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने विवाहसंस्थेतील व्यवहार हिशेबात धरला, ही बाब वुल्फ यांच्या निबंधाशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे.

मात्र या अनुदानपर्वाचा गौरव करताना त्याची मर्यादा झाकून चालणार नाही. साठच्या दशकाच्या आरंभी त्या वयोगटातील सुमारे ४ टक्के तरुणच विद्यापीठात जात. मदत उदार होती, कारण घेणारे थोडे होते; आणि त्या थोड्यांत मध्यमवर्गाचा वाटा मोठा होता. संख्या वाढली की दर्जा घसरेल, अशी हाकाटी 'लकी जिम'चे लेखक किंग्जली एमिस यांनी १९६० मध्येच केली होती. बाहेर राहिलेल्या प्रौढांसाठी १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. विली रसेल यांच्या 'एज्युकेटिंग रिटा' (१९८०) या नाटकातील केशकर्तनकार रिटा तेथूनच साहित्याच्या अभ्यासाकडे येते. ज्यूडला जे पत्र आले ते रिटाला आले नाही. मधल्या काळातील सुधारणांचे हे माप आहे.

१९८१ पासून विद्यापीठांच्या निधीत कपात सुरू झाली. डेव्हिड लॉज यांच्या 'नाइस वर्क' (१९८८) मधील रॉबिन पेनरोज ही हंगामी अध्यापिका या कपातीचेच अपत्य. १९८४ मध्ये सुस्थितीतील पालकांकडून शुल्क घेण्याची सर कीथ जोसेफ यांची योजना स्वपक्षीयांच्या विरोधामुळे मागे घ्यावी लागली. कर्जाचा मार्ग मात्र १९९० च्या कायद्याने खुला झाला. निर्वाह-अनुदान गोठविण्यात आले आणि उरलेली गरज कर्जाने भागवावी असे ठरले. १९९२ मध्ये पॉलिटेक्निक संस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यार्थी वाढले, त्यांच्यामागील दरडोई सार्वजनिक निधी मात्र घटत गेला.

१९९७ च्या डिअरिंग अहवालाने पदवीधरांनी शिक्षणखर्चाचा सुमारे चौथा हिस्सा पुढे मिळकतीनुसार फेडावा, असे सुचविले; निर्वाह-अनुदान राखावे, हेही सुचविले. सरकारने १९९८ मध्ये १,००० पौंडांपर्यंतचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आगाऊ घेण्यास आरंभ केला आणि अनुदान मात्र काढून घेतले. शुल्काची सूचना स्वीकारली गेली, वृत्तीची नाकारली गेली. जानेवारी २००४ मध्ये ३,००० पौंडांपर्यंतच्या शुल्काचे विधेयक दुसऱ्या वाचनात ३१६ विरुद्ध ३११ अशा निसटत्या मतांनी तरले. त्या वेळच्या तडजोडीत शुल्क पदवीनंतर फेडण्याची सोय झाली आणि गरीब विद्यार्थ्यांचे अनुदान परतले. ९ डिसेंबर २०१० रोजी, लंडनच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांची निदर्शने चालू असता, संसदेने ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी कमाल शुल्क ९,००० पौंड केले. ते २०१२ पासून लागू झाले. त्याच वेळी साहित्य, इतिहास यांसारख्या विषयांचे थेट अध्यापन-अनुदान काढून घेण्यात आले. साहित्याच्या अध्यापनाचा खर्च आता प्रामुख्याने विद्यार्थ्याच्या खात्यावर पडला.

या बदलाचे फळ एकरंगी नाही. परतफेड मिळकतीच्या ठरावीक मर्यादेनंतरच सुरू होते आणि ठरावीक वर्षांनी उरलेली रक्कम माफ होते; त्यामुळे हे सावकारी कर्ज नव्हे. शाळेतून थेट येणाऱ्या गरीब वस्त्यांतील पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा ओघ आटला नाही, तो वाढतच राहिला. या संदर्भात विरोधकांचे भाकीत चुकले. पण २०१० नंतरच्या दशकात अंशकालीन विद्यार्थ्यांचे प्रवेश निम्म्याहून अधिक घसरले. नोकरी, घर आणि मुले सांभाळून शिकणारी प्रौढ व्यक्ती, म्हणजे रिटा, या व्यवस्थेतून गळू लागली. २०१६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह-अनुदान पुन्हा बंद झाले. २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी माफीची मुदत तीस वर्षांवरून चाळीस वर्षांवर गेली. अधिक मिळकतीचा पदवीधर लवकर मोकळा होतो; मध्यम मिळकतीचा, तसेच संसारासाठी नोकरीत खंड पडलेली स्त्री, दीर्घकाळ फेडीत राहते. उलट्या हुंड्याची शंका मिळकतीशी जोडलेल्या परतफेडीने सौम्य झाली, निकालात निघाली नाही.

या इतिहासात एक क्रम स्पष्ट दिसतो. शिष्यवृत्तीने विद्यार्थी निवडला, अनुदानाने त्याचा हक्क मानला, कर्जाने त्याला खातेदार केले. प्रत्येक संक्रमण संख्यावाढीच्या दडपणाखाली झाले आणि प्रत्येक वेळी आधीच्या आक्षेपाचे उत्तर न देता तो बाजूस ठेवला गेला. साहित्याने मात्र ते आक्षेप जपून ठेवले आहेत. हॉगर्टचा मुलगा, विल्यम्सचा नायक, लॉजची अध्यापिका आणि रसेलची रिटा ही पात्रे समाजशास्त्रीय पुरावा म्हणून वाचणे अपुरे ठरेल. परंतु त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी, कोणत्या अटीवर केला, हे न विचारता केलेले वाचनही अपुरेच राहील. कर्जावर शिकलेल्या पिढीची पात्रे कोणत्या घरातून बाहेर पडतील आणि कोणत्या घरी परततील, हे पाहणे तौलनिक अभ्यासाचे पुढील काम आहे.